काही ठिकाणी तुरळक सरी

डिचोलीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलं, "टीचर, चहा घेणार?" मी चांगल्या घरच्या मुलीसारखी "नको, नको" म्हणाले. आपल्याकडे आधी नको म्हणायचं असतं आणि मग समोरच्याने आग्रह करायचा असतो. घरमालकांनी मान डोलावली आणि ते किल्ली आणायला आत गेले. त्यानंतर मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहिले, पण त्यांनी मला पुन्हा कधीही चहा विचारला नाही. त्यात तुसडेपणा अजिबात नव्हता. उलट आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगत, "टीचर चहा घेत नाहीत." काकी, म्हणजे त्यांची बायको, मागच्या दाराने मला पेला आणून द्यायच्या, आणि मी तो विहिरीकडच्या पायरीवर बसून चोरून प्यायचे.

माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. पाहुणा "बरं, निघतो मी" म्हणाला की हे उठून फाटक उघडून उभे राहत. पाहुण्याला अजून चांगला अर्धा तास बसायचं असे. डॉक्टरांनी एकदा जेवणात मीठ कमी करा म्हणून बजावलं. तेव्हापासून ते अळणी जेवत आणि हात धुऊन झाल्यावर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवत. जेवणानंतरच्या मिठाबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. वास्कोला दिलेल्या बहिणीच्या नणंदेने कुठल्याशा लग्नात "एकदा या हो राहायला" म्हटलं, तर पुढच्याच आठवड्यात हे वळकटी घेऊन तिच्या दारात हजर. ती बाई अजूनही त्यांची आठवण काढते म्हणतात.

गाव त्यांना मेस्त म्हणे. गोव्यात हातात कला असलेल्या कुणालाही मेस्त म्हणतात, मग तो सुतार असो की गवंडी. हे ट्रक दुरुस्त करायचे. त्यांचं गॅरेज घराला लागूनच होतं, आणि खाणीवरून माल घेऊन धक्क्याकडे निघालेले ट्रक मोडले की त्यांच्या दारात आणले जात. खनिजाच्या धुळीने उन्हाळाभर सगळं घर तांबडं असे. झाडं तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे, देव्हाऱ्यातले देवसुद्धा तांबडे. मेस्त हाफ पँट घालून कुठल्या तरी ट्रकखाली आडवे पडलेले असत आणि बाहेर फक्त पाय दिसत. सुरुवातीला कितीतरी दिवस मी त्यांना चेहऱ्यापेक्षा पायांवरून जास्त ओळखत होते. दुखणं शोधायची त्यांची रीत अशी: लाकडाच्या काठीचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. ड्रायव्हर मध्येच काही सांगू लागला तर त्याला गप्प करीत. "तू नको सांगू. तिला सांगू दे." गाडी त्यांच्या लेखी बाईमाणूस होती. बायकांचं ते असं मन लावून ऐकत, एक बाई सोडली तर.

ती बाई म्हणजे काकी. मेस्त आणि काकी एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती. एका घरात राहत, एका टेबलावर जेवत, देवळात एकत्र जात. फक्त एकमेकांशी शब्द नाही. पूर्वी त्यांची मुलगी निरोप पोचवायची. ती लग्न होऊन गेल्यावर काही महिने मांजराला मध्ये घालून कारभार चालला. मग त्यांनी खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. भाड्यासाठी नव्हे, हे मला नंतर कळलं. पहिल्या भेटीत काकींनी मला गाव विचारलं नाही की जात विचारली नाही. "आवाज मोठो आसा मगे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, शाळेत शिकवते, मोठाच आहे. त्यांचा चेहरा खुलला.

"टीचर, तेंका सांगा, जेवाण थंड जाता."

मेस्त तीन हातांवर बसलेले असत. तरी ते माझ्याकडे बघत, मी "मेस्त, जेवण थंड होतंय" म्हणेपर्यंत हलत नसत. मग ते म्हणत, "तिला सांगा, आलो." मी म्हणायचे, "काकी, आले." तोवर ते येऊन बसलेलेही असत. माझ्या तोंडात घास असला तर सगळं अडून राही. हळूहळू मी त्यात तरबेज झाले, आणि सगळेच दुभाषी करतात ते करू लागले. काकींचं "डोळे फुटले काय तेंचे" माझ्या तोंडून "मेस्त, जरा बघून" असं बाहेर पडे. मेस्तांचं "भाजीत काही राम नाही" काकींपर्यंत पोचताना "आणखी थोडं खोबरं चाललं असतं" होऊन जाई. ह्यामागे काय घडलं होतं ते मी विचारलं नाही. भाडेकरूने किती विचारावं, याला मर्यादा असते.

पावसाळ्यात खाणी बंद. ट्रक थांबले की मेस्तांना काम नसे. उभ्या आयुष्यात त्यांना सुट्टी अशी मिळाली ती पावसातच. पण पाऊस त्यांना मान्य नव्हता. सकाळी रेडिओ लावून ते हवामान ऐकत. रेडिओवरची बाई म्हणायची, गोव्यात काही ठिकाणी तुरळक सरी पडण्याची शक्यता आहे. मेस्त बोट वर करून मला म्हणत, "काही ठिकाणी. सगळ्या ठिकाणी नाही." बाहेर कौलांवरून पाण्याचे दोर लोंबत असायचे. आपण त्या काही ठिकाणांपैकी एका ठिकाणी आहोत, इतकंच, असं ते मला शांतपणे समजावत. बाकीच्या ठिकाणी या घडीला लख्ख ऊन असणार. तिथे जायला पाहिजे.

आणि जायची तयारी त्यांनी केलेली होती. गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली एका खाणीची मोडीत काढलेली रुग्णवाहिका उभी होती. ती त्यांनी भंगारात जाताना उचलली होती आणि रिकाम्या वेळात, म्हणजे पावसाळ्यापावसाळ्याला, ते तिच्यावर काम करीत. इंजिन नवं बसवलं. आत दोन बाजूंना दोन फळ्यांच्या खाटा, मध्ये एक मेज, स्टोव्हला कोनाडा, ताटं पडू नयेत म्हणून कप्पे, जनेलांना पडदे. पडद्यांसाठी काकींची जुनी लुगडी माझ्यामार्फत मागून घेतली. छपरावरचा दिवा काढून ते भोक डांबराने बुजवलं, दोन्ही बाजूंच्या तांबड्या फुल्यांवर निळा रंग फासला. कुणी म्हणे मेस्त फिरतं गॅरेज काढणार, कुणी म्हणे मासळी विकणार. गाडी कशाला म्हणून विचारलं की ते खरं उत्तर देत. "जायला."

त्या वर्षी ऐन आषाढात वाऱ्याने आमच्या शाळेच्या दोन वर्गांची कौलं उडवली. दुरुस्ती होईपर्यंत शाळा बंद. मी शिरोड्याला घरी जाण्यासाठी पिशवी भरत होते. काकी पायरीवर नारळ खोवत होत्या. मेस्त आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "टीचर, तिला सांगा, गाडी तयार आहे. तेरेखोलला जायचं."

मी सांगितलं. काकींचा हात थांबला. अर्धी खोवलेली कवड त्यांनी ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "तेंका सांगा, टीचर येत असले तर मी येतंय."

तेरेखोलचा किल्ला गोव्याच्या उत्तर टोकाला, तिथून माझं गाव अगदी जवळ. मला नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही.

निघालो तेव्हा पाऊस होता. अस्नोड्याला पाऊस होता. कोलवाळच्या पुलावरून नदी दिसली नाही, इतका पाऊस होता. पेडण्यात तो आडवा येत होता. प्रत्येक गावात मेस्त गाडी उभी करीत, काच खाली करीत आणि छत्रीखालच्या एखाद्या माणसाला विचारीत, इथे पाऊस कधीपासून आहे. लोक त्यांच्याकडे बघत राहत. एकजण म्हणाला, मिरगापासून. मेस्तांनी काच वर केली आणि मला म्हणाले, "पुढे नसेल."

छपराचं बुजवलेलं भोक बरोबर काकींच्या खाटेवर आलं होतं.

"टीचर, तेंका सांगा, हय पाणी गळता."

"तिला सांगा, ते गळत नाही. गाडीला घाम येतो. आतून गरम, बाहेरून थंड."

काकींनी खाली टोप लावला. मग थोड्या वेळाने, "तेंका सांगा, टोपभर घाम इलो."

दुसऱ्या दिवशी मांद्र्याच्या पुढे रस्त्यावर झाड पडलं होतं. ते हटेपर्यंत एका देवळाच्या आवारात थांबणं आलं. मेस्त गाडीखाली शिरले, कारण थांबलेल्या गाडीखाली न शिरणं त्यांना जमत नसे. काकी आत स्टोव्हवर पेज शिजवत होत्या. एक आत, एक खाली, आणि मी निरोप घेऊन पावसातून ये-जा करीत होते. मीठ कुठे ठेवलं, तिला सांगा कप्प्यात. कुठल्या कप्प्यात, तिला सांगा कुलेरांच्या, म्हणजे चमच्यांच्या. पेज झाली, तेंका सांगा. दुपारपर्यंत माझ्या अंगावर कोरडं असं काही राहिलं नाही आणि घसा खवखवू लागला.

पेज खाताना काकी आपण होऊन बोलल्या. तेरेखोलला नेतो असं मेस्तांनी त्यांना फार पूर्वी सांगितलं होतं. मुलगी तेव्हा शाळेत जायची. काकींनी नवं पातळ नेसून, डब्यात घावनासारखे पोळे भरून ओटीवर तयारी ठेवली. एवढ्यात खाणीवरून माणूस आला, ट्रक चढावावर बंद पडला होता, मागे रांग लागली होती. मेस्त आलोच म्हणून गेले. काकी संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होत्या. येणारेजाणारे विचारीत, खंय चाललीस गो, आणि त्या सांगत, तेरेखोलाक. शेवटी शेवटी त्यांनी उत्तर देणं सोडलं. मेस्त आले ते ग्रीसने माखलेले.

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय. रागान कायतरी बोललंय आसतलंय. आठवणा ना. त्या दिसापासून ते माझ्याकडे बोलूकच नाय. चूक तेंची, आनी राग पण तेंकाच." त्यांनी माझ्या वाटीत आणखी पेज वाढली. "मी पण मगे नाय बोललंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझा आवाज गेलेला. बसला नव्हता, गेलाच होता. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर येई. काकींनी मिऱ्याचा काढा दिला, मेस्तांनी इंजिनाची काठी माझ्या गळ्याला लावून बघायची तयारी दाखवली. ती मी हाताने नाकारली. मग काकी मागे खाटेवर आडव्या झाल्या आणि मी पुढे मेस्तांच्या शेजारी बसले. वायपर पाण्याशी झगडत होता. बोलू न शकणाऱ्या माणसापुढे लोक मोकळे होतात, तसे मेस्त झाले. रस्त्यावरची नजर न काढता ते सांगू लागले, की त्या दिवशी ते घरी आले तेव्हा ती म्हणाली, आता माझ्याशी एक शब्द बोलू नका. म्हणून ते बोलले नाहीत.

"मी वाट बघतोय टीचर," ते म्हणाले. "ती म्हणेल, आता बोला. म्हणाली नाही."

दोघांचे दोन अर्धे तुकडे माझ्या हातात होते आणि ते जोडायला आवाज नव्हता. वहीत लिहावं तर वही पिशवीत, आणि पिशवी रात्रभर काकींच्या टोपाशेजारी राहून तिचा लगदा झालेला. काकींचा चष्मा घरी राहिलेला. शेवटी मी पुढच्या काचेवर साचलेल्या वाफेत बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तिला आठवत नाही'. मेस्तांनी एका हाताने फडकं उचललं आणि काच स्वच्छ पुसून टाकली. "बरं केलंत," ते म्हणाले, "मलाही दिसत नव्हतं."

ह्यात भर म्हणून, तीन दिवसांच्या पावसाने गाडीचा निळा रंग धुऊन निघाला होता आणि दोन्ही बाजूंच्या तांबड्या फुल्या वर आल्या होत्या. आम्हाला ते माहीत नव्हतं. लोक वाट सोडतात, याचं मेस्तांना बरं वाटत होतं. पालयेजवळ चार माणसांनी हात करून गाडी थांबवली. त्यांनी एका म्हाताऱ्याला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवून रस्त्यापर्यंत उचलून आणलं होतं. त्याचा पाय सुजून भोपळ्याएवढा झाला होता. त्यांनी विचारलं, ही दुखणाइतांची गाडी मगे? मेस्त खोटं कसं बोलणार. "होती," ते म्हणाले. तेवढं त्यांना पुरलं.

म्हातारा काकींच्या खाटेवर, भोकाखाली, छत्री उघडून पेडण्याच्या इस्पितळापर्यंत आरामात आला. त्याने चहा मागून घेतला, पडद्यांचं कौतुक केलं. मग थोडा वेळ आमची शांतता ऐकून काकींना विचारलं, "ड्रायव्हर मुको काय गो?"

"ड्रायव्हर न्हय. घोव माझो," काकी म्हणाल्या.

नवरा आहे म्हटल्यावर म्हाताऱ्याला उलगडा झाला. "मगे बराबर," म्हणून तो आडवा झाला.

त्याला पोचवून, पुन्हा सगळा रस्ता तुडवून आम्ही केरीच्या धक्क्यावर पोचलो. नदीपलीकडे तेरेखोल. समोर पांढऱ्या पाण्याच्या पडद्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण मेस्तांच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथेच होतं. फेरीबोट लागली होती. बोटीवरच्या माणसाने सांगितलं, गाडी मागे घेत चढवा. धक्क्याचा उतार शेवाळाने गुळगुळीत झालेला. काकी छत्री घेऊन मागे उभ्या राहिल्या, मी मेस्तांच्या खिडकीशी. मागचं बघून काकी मला सांगणार, आणि मी मेस्तांना. इतक्या दिवसांची सवय. माझा आवाज गेलाय, हे त्या क्षणी तिघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.

"टीचर, तेंका सांगा, दाव्यान घेवंक."

मी तोंड उघडलं. नुसती हवा. मेस्त माझ्याकडे बघत मागे येत राहिले. "काय म्हणते ती?"

मी डावा हात हलवला. समोरासमोर उभं असताना तो त्यांचा उजवा झाला असणार, कारण गाडी उलटी वळली. मागचं चाक धक्क्याच्या कडेवर आलं. खाली नदी फुगलेली, चहाच्या रंगाची. मी दारावर थापा मारल्या. मेस्तांना वाटलं, आणखी या म्हणतेय. चाक कडेवरून घसरलं आणि गाडी सबंध एका अंगाला कलली. आतली ताटं कप्प्यांतून सुटल्याचा आवाज झाला.

काकींनी छत्री टाकली आणि ओरडल्या. त्यांनी मेस्तांचं नाव घेतलं. ते नाव मी तोवर ऐकलंच नव्हतं. लग्नानंतर उखाण्याबाहेर काकींनीही ते कधी उच्चारलं नसावं. नाव घेतलं आणि म्हणाल्या, "थांब! मरशील!"

मेस्तांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. बोटीवरची माणसं धावली, फळ्या आल्या, दोर आला, दहा-बारा हातांनी गाडी सरळ केली. ह्या सगळ्यात मेस्त स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. सगळं झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "टीचर, ती माझ्याशी बोलली?"

मी मान हलवली.

"मग मी बोललो तर चालेल?"

मी जोरजोरात मान हलवली. ते खाली उतरले. काकींची छत्री पाण्याच्या कडेला उलटी होऊन पडली होती, तिच्या अर्ध्या काड्या मोडल्या होत्या. ती त्यांनी उचलली, काकींजवळ गेले आणि उरलेलं कापड त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. इकडेतिकडे बघून शेवटी ते म्हणाले, "पाऊस आहे."

"दिसता माका," काकी म्हणाल्या.

बोटीवर चढल्यावर खरं बोलणं सुरू झालं. नदी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण प्रवाह जोरात होता आणि बोट वाकडी जात होती, त्यामुळे बरंच बोलून झालं. काकींनी विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत. मेस्त म्हणाले, तू सांगितलं होतंस, माझ्याशी एक शब्द बोलू नका.

"असा म्हटलंय मी?"

"ओटीवर. नवं पातळ नेसून बसली होतीस."

"जल्मभर माझा एक आयकूक नाय," काकी म्हणाल्या, "आनी तेवढाच आयकलात?"

मेस्तांनी ह्यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तू मागे घेशील म्हणून मी वाट बघत होतो."

काकींनी मोडक्या छत्रीची मूठ त्यांच्या खांद्यावर मारली. मग आणखी एकदा. बोटीवरची माणसं सभ्यपणे पलीकडच्या काठाकडे बघू लागली. मी गाडीत जाऊन बसले आणि सांडलेली ताटं गोळा करीत राहिले. बाहेरून कधी तिचा आवाज येई, कधी त्यांचा, आणि मध्ये कुणीच नव्हतं.

तेरेखोलचा किल्ला आम्ही पाहिला असं मी म्हणणार नाही. गाडी त्याच्यासमोर उभी होती. धुक्यात भिंतीसारखं काहीतरी काळपट होतं. पण दोघंही आत मेजाच्या दोन बाजूंना बसून मुलीच्या बारशापासूनचे हिशेब काढत होती, आणि किल्ल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मला त्यांनी शिरोड्याला घरी सोडलं. माझ्या आईने दोघांना गरम गरम जेवायला घातलं आणि त्यांची बडबड ऐकून मला विचारलं, नवीन लग्न झालंय का. मी बोलू शकत नव्हते ते बरंच झालं.

पुढचं मला डिचोलीला परतल्यावर कळलं. ती दोघं लगेच घरी गेली नव्हती. वेंगुर्ल्याला कुणीतरी मेस्तांना सांगितलं, आंबोली ढगांच्या वर आहे. ढगांच्या वर पाऊस कसा पडेल, म्हणून ते थेट आंबोलीला गेले. आंबोलीत किती पाऊस असतो हे काकींना चांगलं माहीत होतं, त्यांचा भाऊ तिथे नोकरीला होता. मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं कसं नाही? काकी म्हणाल्या, तेंका किती हौस होती. तिथे म्हणे स्वतःचा हात दिसेना. ती दोघं दोन दिवस गाडीत बसून होती, टोप भरले की ओतत होती आणि बोलत होती.

त्यानंतर घरात शांतता अशी राहिली नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं, ते काय दोन दिवसांत संपतंय. मधल्या काळात केलेल्या प्रत्येक भाजीवर, आलेल्या प्रत्येक पाहुण्यावर, मुलीसाठी नाकारलेल्या प्रत्येक स्थळावर नव्याने चर्चा झाली. माझी भिंत पातळ होती. गणपतीत, चवथीला मुलगी माहेरी आली. स्वयंपाकघरातून दोघांची जुंपलेली ऐकून ती उंबऱ्यातच थांबली, हातातली पिशवीही खाली ठेवायचं तिला सुचेना. मी तिला सांगितलं, आता रोज असंच असतं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि बराच वेळ ऐकत राहिली, कुणी गाणं ऐकावं तसं.

माझा आवाज परत आला होता, पण त्या घरात त्याला काही काम उरलं नव्हतं. कधी सवयीने मी "मेस्त, काकी म्हणतात" असं सुरू करी, आणि दोघंही माझ्याकडे जरा नवलाने बघत, ही मध्ये कशाला बोलते म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात खाणी बंद झाल्या तशी गाडी पुन्हा ताडपत्रीतून बाहेर आली. ह्या वेळी रंग पक्का होता. मी मनाशी धरून चालले होते, की मलाही बोलावणार. रजेचं मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, नवा रेनकोट घेतला. निघायच्या सकाळी काकी खोलीत आल्या आणि त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मांजराला दूध, तुळशीला दिवा, आणि पोदेर येईल त्याच्याकडून पाव घ्या, असं सगळं नीट सांगितलं. मग माझ्या रेनकोटकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या जरा ओशाळल्या. "गाडी बारीक मगे, टीचर," म्हणाल्या. "तिसऱ्या माणसाची अडचण जाता."

मी दारात उभी राहिले. पाऊस मुसळधार होता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि तिठ्यावर जाऊन रस्त्याच्या मधोमध थांबली. डावीकडचा रस्ता साखळीला जातो, उजवीकडचा म्हापशाला. मागच्या काचेतून दोघांचे हात दिसत होते, एकाचा इकडे, एकाचा तिकडे. मागे बस येऊन उभी राहिली, तिने भोंगा दिला, मग आणखी एक ट्रक आला, त्यानेही दिला. आतल्या दोघांना त्याचं काही नव्हतं. शेवटी गाडी हलली. ती डावीकडे वळली नाही आणि उजवीकडेही वळली नाही, सरळ निघून गेली.

सरळ जाणारा रस्ता आमोण्याला नदीकाठी संपतो, आणि अशा पुरात तिथून पलीकडे जायची काही सोय नसते. दोघंही त्याच मुलखात वाढलेली, त्यांना ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. एकदा वाटलं, धावत जाऊन सांगावं. रेनकोट अंगावर होताच. मग मी तो काढून खुंटीला लावला आणि मांजराचं दूध तापत ठेवलं.